सिॲटलची शिडी

मार्सियाल देलपेशने एक गोष्ट आयुष्यात हजारदा तरी सांगितली असेल. सिॲटलच्या कारखान्यात म्हणे एक नवंकोरं विमान सारखं डावीकडे कलायचं. मोठमोठे इंजिनियर डोकं धरून बसले. शेवटी डावा पंख उघडला, तर आत शिडी विसरलेली.

"मग अमेरिकनांनी काय केलं असेल?" काट्यावर टोचलेला बटाटा वर धरून मार्सियाल विचारायचा. सगळ्यांना उत्तर पाठ होतं, तरी कुणी बोलायचं नाही. "उजव्या पंखातही एक शिडी ठेवली! आता सरळ उडतंय!"

आणि अख्खं टेबल खिदळायचं. मीही खिदळायचे.

मी आर्लेत बुस्के. तुलूजच्या विमान कारखान्यात सव्वीस वर्षं हत्यारांच्या खिडकीत बसले. सकाळी माणूस यायचा, आपल्या नावाचा पितळी बिल्ला द्यायचा आणि पाना, टॉर्च, आरसा, जे हवं ते न्यायचा. संध्याकाळी हत्यार माझ्याकडे, बिल्ला त्याच्याकडे. एक जरी बिल्ला खिळ्याला लटकत राहिला तरी विमान जागचं हलायचं नाही. विमानाच्या पोटात सुटा राहिलेला पाना आज गप्प पडून असतो, पण तीन वर्षांनी तो कुठे सरकेल, कोणत्या तारेत अडकेल, कुणी सांगावं? म्हणून घरची कुठलीही वस्तू, अगदी चावीसुद्धा, खिशात ठेवून विमानात चढायचं नाही, असा नियम होता. विमानात बसून खायचंही नाही.

मार्सियाल मागच्या सामानाच्या कप्प्याची जमीन बसवायचा. पत्रे, पट्ट्या, ते जोडणारे रिव्हेट. हात इतका सफाईचा, की त्याने शिक्का मारला की तपासनीस पुन्हा वाकून बघत नसत. प्रत्येक पक्क्या कारागिराला स्वतःचा शिक्का असायचा. 'हे काम मी केलं, मी पाहिलं, ठीक आहे' असं सांगणारा. मार्सियालचा आकडा होता दोनशे सात. माणूस बुटका, पोट सुटलेलं, मिशीला सतत कसला तरी रस्सा लागलेला. त्याच्याशिवाय जेवणाची सुट्टी म्हणजे नुसतं जेवण.

वेंडेल ऑसलंड आला तो नव्वद सालच्या सप्टेंबरात. एका अमेरिकन विमान कंपनीने आमची अकरा विमानं घेतली होती. ती ताब्यात घेण्याआधी पारखायला कंपनीने आपला माणूस पाठवला. सहा फूट चार इंच, खांदे किंचित वाकलेले, बोलणं संथ. त्यातून गंमत अशी, की हा माणूस वीस वर्षं खुद्द सिॲटलच्या कारखान्यात काम करून आलेला! ही बातमी कळली त्या दिवशी मार्सियालला सणासारखा आनंद झाला.

"देवाने घरपोच पाठवलाय," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी वेंडेलच्या खुर्चीवर कुणीतरी काउबॉयची टोपी ठेवली. कुणी, ते सांगायला नको. वेंडेलने ती उचलली, धूळ झटकली, डोक्यावर घातली आणि संध्याकाळपर्यंत काढली नाही. साहेबांच्या बैठकीतही ती घालूनच बसला. जाताना मार्सियालला म्हणाला, "माझे वडील मासेमारी करायचे. घोड्याला मी आजवर हात लावलेला नाही. पण टोपी छान आहे. तुम्ही दिलीत, आभारी आहे." त्याला आमच्या भाषेतलं 'तू' येतच नव्हतं, फक्त 'तुम्ही'. कॅन्टीनच्या मांजरालाही तो 'तुम्ही बाजूला व्हा' म्हणायचा.

त्या दिवसापासून तो आमच्या टेबलावर बसू लागला.

मार्सियाल म्हणायचा, "तुम्ही लोक विमान इंचांनी मोजता. इंच म्हणजे काय? कुण्या राजाचा अंगठा!"

वेंडेल शांतपणे पाव मोडायचा. "त्या अंगठ्याने आम्ही चंद्रावर गेलो. तुम्ही मीटर घेऊन कुठे गेलात?"

"जेवायला! आणि वेळेवर!"

"खरं आहे. तुमच्या वैमानिकापुढे सुकाणू नसतंच, बाजूला एक छोटा दांडा आणि समोर जेवणाचं टेबल असतं. विमान आहे की खाणावळ, कळत नाही."

"आणि तुमचा वैमानिक अजून बैलाची शिंगं धरल्यासारखा बसतो!"

"निदान आमचा बैल ऐकतो तरी. तुमचं विमान उलट विचारतं, 'साहेब, खरंच डावीकडे वळायचंय? पुन्हा एकदा विचार करा.'"

रामिरो हसताना वाइन नाकात जाऊन ठसकायचा. हा रामिरो मार्सियालचा जोडीदार, दोघं बारा वर्षं एकाच कप्प्यात गुडघे टेकून काम करत आलेले. त्याचे आईवडील स्पेनमधून पळून आलेले. त्यामुळे तो म्हणायचा, "मी तटस्थ देश आहे, मला दोघांचेही विनोद आवडतात."

टेबलाशेजारच्या भिंतीवर एक पाटी होती. एका बाजूला 'आपण', दुसऱ्या बाजूला 'ते', म्हणजे सिॲटलवाले. कुणाला किती विमानांची मागणी आली, ते खडूने लिहायचं. आम्हाला मोठी मागणी मिळाली की वेंडेलने पास्तिस, आमची बडीशेपेची कडक दारू, पाणी न घालता प्यायची. त्यांना मिळाली की आम्ही जेवण टोमॅटो केचपबरोबर खायचं. वेंडेल त्यासाठी एक बाटलीच कॅन्टीनमध्ये ठेवून होता. हिवाळाभर असं चाललं होतं. मार्सियालची बायको सोलांज दर गुरुवारी वेंडेलच्या बायकोला, मर्नाला, घरी बोलावून घेवडा-बदकाचं कासुले शिकवायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी बातमी आली की त्यांना मागणी मिळालीय, ती एक-दोन नाही, सत्तर विमानांची. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी बदकाची तंगडी होती. बदकाच्या तंगडीवर केचप! मार्सियालला ते सोसण्यासारखं नव्हतं. बाराच्या ठोक्याला तो गायब झाला.

वेंडेलने बाटली टेबलावर मांडली. "कुठे गेले आपले सेनापती?"

"पळाले!" रामिरो म्हणाला आणि स्वतःच्या तंगडीवर इमानाने केचप ओतलं.

मार्सियाल मागच्या कप्प्यात लपला होता. डब्यातलं सुकं सॉसेज आणि पाव घेऊन तो तिथेच बसला. बापाने दिलेला शिंगाच्या मुठीचा चाकू तो रोज कॅन्टीनला जाताना कपाटातून काढून न्यायचा. त्या दिवशी तो विमानात घेऊन चढला. सॉसेज कापलं, खाल्लं, कागद घडी करून खिशात घातला. वरून कुणाची तरी पावलं ऐकू आली. घाईघाईने तो उठला आणि कामाला लागला. दुपारी शेवटचे चार पत्रे बसवले, दोनशे सातचा शिक्का मारला आणि घरी गेला.

रविवारी सोलांजने पाव पुढे केला आणि तो चाकूसाठी खिसे चाचपू लागला.

हे सगळं मला त्यानेच नंतर सांगितलं. सोमवारी येतानाही तो मनाशी घोकत होता, कपाटातच असेल. कपाटात नव्हता. विमान तोवर पुढच्या शेडमध्ये गेलं होतं, वेंडेलच्या तपासणीला. खरं तर तेव्हाच शेडप्रमुख कातला यांच्याकडे जायचं, चाकू पडलाय म्हणून सांगायचं. शिक्षा झाली असती, पण चार दिवसांनी विसरलीही गेली असती. शिक्षेला तो घाबरत नव्हता. त्याला टेबल दिसत होतं. हजारदा शिडीची गोष्ट सांगितलेलं टेबल.

बुधवारी दुपारी वेंडेल माझ्या खिडकीशी आला. इकडेतिकडे बघून त्याने रुमालात गुंडाळलेली वस्तू पुढे सरकवली. उघडण्याआधीच मुठीचा आकार हाताला कळला. रोज दुपारी मी तो समोर बघत होते.

"मादाम आर्लेत, हे तुमच्या हत्यारांतलं नाही," तो म्हणाला. "मागच्या कप्प्याच्या जमिनीखाली होतं. एका पत्र्यावर ओरखडा होता म्हणून मी तो उघडायला लावला. तारांच्या जुडीला खेटून पडलं होतं. आत वाकलो तेव्हा मी एकटाच होतो."

मी रुमाल पुन्हा गुंडाळला. "तुमच्या यादीत लिहिलंत?"

"अजून नाही. सही शुक्रवारी आहे." तो खिडकीवर वाकला. "सिॲटलमध्ये मी एकदा टॉर्च हरवली होती. तीन दिवस कुणाला बोललो नाही. ते तीन दिवस फार वाईट असतात. ज्याचं आहे त्याला द्या. तो स्वतः कातलांकडे जाईल. चांगला कारागीर आहे."

मी संध्याकाळी मार्सियालला बाजूला घेऊन चाकू दिला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"कुणाला सापडला?"

"वेंडेलला."

"कुणाला सांगितलंय त्याने?"

"मला. फक्त मला. शुक्रवारपर्यंत तुला वेळ दिलाय. जा, आत्ताच जा कातलाकडे."

त्याने चाकू खिशात टाकला. "आर्लेत, चाकू निघाला ना? विमान आता स्वच्छ आहे ना? मग झालं तर. उगाच कशाला."

"मार्सियाल, अजून काही सांडलं असेल तर? नियम आहे, सगळं उघडून बघायचं."

"काही सांडलेलं नाही. तू बोलू नकोस. तुला माझी शपथ." आणि मग हळूच म्हणाला, "त्याच्या हाती लागायला हवा होता का गं? दुसरं कुणी नव्हतं?"

मी बोलले नाही. माझं काम होतं बोलणं. सव्वीस वर्षं त्याच कामाचा पगार घेतला, आणि ज्या दिवशी खरोखर तोंड उघडायचं त्या दिवशी मी खिडकीचं दार ओढून घरी गेले.

गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी सहीच्या खोलीत वेंडेलने एकेचाळीस बारीकसारीक गोष्टींची यादी वाचली. इथे रंग कमी, तिथे आसनाचा हात सैल. मग त्याने यादी मिटली आणि कातलांना म्हणाला, "मी सही करणार नाही. मागच्या कप्प्याची सगळी जमीन उघडा. एक एक पत्रा. आतून स्वच्छ करा, पुन्हा बसवा."

"कारण?" कातलांनी विचारलं.

"मला हवंय, हेच कारण."

विमान सोमवारी जायचं होतं. म्हणजे काम शनिवार-रविवारी करायचं. आणि त्या शनिवारी आमच्या गावचा रग्बीचा संघ अंतिम सामन्यात होता. तुलूजमध्ये असा शनिवार लग्नापेक्षा मोठा. माणसांनी चौकात जागा धरून ठेवल्या होत्या, बायकांनी लाल-काळे झेंडे शिवले होते. बारा जणांना निरोप गेला, कामावर या.

मीही होते, हत्यारं द्यायला. कप्प्यातून रेडिओचा आवाज येत होता. माणसं गुडघ्यांवर बसून रिव्हेट काढत होती आणि प्रत्येक रिव्हेटबरोबर अमेरिकेचा उद्धार चालला होता.

"काय शोधतोय आपण? निदान ते तरी सांगा!" रामिरो ओरडला. मुलीला खांद्यावर बसवून चौकात न्यायचं त्याने कबूल केलं होतं.

"सांगितलं नाही त्याने," कातला म्हणाले. तेही वैतागले होते.

"सत्तर विमानांचा माज आहे हा. आम्हाला वाकवायचंय त्याला."

मार्सियाल कोपऱ्यात पत्रा उचलून विजेरीने आत बघत होता. जे तो शोधत होता ते त्याच्या घरी, स्वयंपाकघराच्या खणात होतं. रामिरोने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बोल की रे! तू गप्प कसा? तुझा काउबॉय काय शोधतोय?"

सगळे त्याच्याकडे वळले. दमलेली, घामेजलेली माणसं, एखादं वाक्य मिळेल म्हणून वाट बघणारी. मी खालून शिडीच्या पायरीवर उभी राहून बघत होते. आता सांगेल, असं मला वाटलं. त्याचे ओठ हललेही.

"शिडी," मार्सियाल म्हणाला. "सिॲटलची हरवलेली शिडी शोधतोय तो."

कप्पा हसण्याने दणाणला.

त्या विनोदाबद्दल मार्सियालने स्वतःला कधीच माफ केलं नाही. मला तो पुढे म्हणाला, "चाकू हातून पडला, पण शिडी मी तोंडाने टाकली."

आमचा संघ तो सामना हरला. आता संघ हरण्यात वेंडेलचा काय दोष! पण सोमवारपासून सगळ्यांना तसंच वाटायला लागलं. टेबलावर तो बसला की माणसं ताट उचलून निघायची. पाटी कुणीतरी पुसली. केचपची बाटली कचऱ्यात गेली. एका संध्याकाळी त्याच्या गाडीची दोन चाकं फाटलेली निघाली. ते कुणी केलं हे आजही मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. वेंडेल खाली बसून चाकं बघत राहिला, मग सात किलोमीटर चालत घरी गेला.

सोलांजनेही गुरुवारचं दार बंद केलं. बाजारात मर्ना हसत पुढे आली, तशी सोलांज भाजीवाल्याकडे तोंड करून उभी राहिली. नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून. ती बाजू कोणती होती हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो रात्री मुकाट्याने सूप पीत होता.

वेंडेलने एका शब्दाने उलगडा केला नाही. एकदा हॉलच्या दारात तो आणि मार्सियाल समोरासमोर आले. मी जवळच होते. वेंडेल थांबला, म्हणजे वाट बघत थांबला. मार्सियालने मान खाली घालून बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती, ती सोडून पुन्हा बांधली. वेंडेल पुढे निघून गेला.

जूनच्या शेवटी त्याची मुदत संपली. बाहेरचा माणूस परत निघाला की वरच्या खोलीत छोटा निरोप असायचा, चार ते पाच. वेंडेलने फळ्यावर स्वतःच्या हाताने आमंत्रण लिहिलं होतं, 'तुम्ही सगळे या.' त्या खोलीला हॉलच्या बाजूने काच होती. खालून सगळं दिसायचं. टेबलावर वीसेक पेले उलटे मांडलेले. मर्नाने निळा झगा घातलेला आणि मोठ्या परातीत काहीतरी स्वतः भाजून आणलेलं. कातला वर गेले, दहा मिनिटं थांबले, फोन आला म्हणून उतरले. त्यानंतर कुणी चढलं नाही. खाली ऐंशी माणसं मुद्दाम वाकून काम करत होती.

मार्सियाल माझ्या खिडकीशी उभा होता, हात पुसायला फडकं घ्यायला आलेला.

"आता तरी जा," मी म्हटलं.

"जातो. हात पुसतो आणि जातो."

तो हात पुसू लागला. बोटं पुसली, बोटांमधल्या खाचा पुसल्या, नखं पुसली. वर मर्नाने एक पेला सुलटा केला, पुन्हा उलटा ठेवला. वेंडेल काचेपाशी आला, खाली आमच्याकडे बघितलं. पावणेपाचला त्याने परातीवर कापड झाकलं, आणि दोघं मागच्या जिन्याने उतरून गेले. पेले तसेच राहिले. मार्सियाल अजून हात पुसत होता.

"तूही गेली नाहीस," तो म्हणाला.

खरं होतं. माझ्या खिडकीपासून त्या जिन्यापर्यंत वीस पावलं नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी माणसं गोळा होतात, तेव्हा मार्सियाल एका खोक्यावर चढला. काहीजण आधीच हसू लागले, सवयीने. तो म्हणाला, "चाकू माझा होता." कुणाला काही कळेना. मग त्याने सगळं सांगितलं. केचपला घाबरून लपला तिथपासून, चाकू, वेंडेलने दिलेला वेळ, शनिवार, शिडीचा विनोद, सगळं. "त्याने माझं नाव वाचवलं, आणि विमानही वाचवायचं होतं म्हणून जमीन उघडायला लावली. शिव्या त्याने खाल्ल्या. मी ऐकत होतो. मी हसवलंसुद्धा."

एकच गोष्ट त्याने सांगितली नाही. मला ठाऊक होतं, ही. चाकू वेंडेलने थेट आपल्यालाच दिला असं तो म्हणाला. मी गर्दीत उभी होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी ते तसंच चालू दिलं. आज पहिल्यांदा सांगतेय.

रामिरो पुढे आला. मला वाटलं, मारणार. तो एवढंच म्हणाला, "माझी मुलगी त्या दिवशी दारात बसून राहिली होती, झेंडा घेऊन." आणि निघून गेला. दोन वर्षं तो मार्सियालशी एक शब्द बोलला नाही. बाकीचे मात्र त्याच्यावर फारसे चिडले नाहीत, चिडायला तोंड कुणाला होतं! जो तो आपापलं ताट उचलल्याचं आठवत होता. चाकं फाडणाराही त्यातच कुठेतरी उभा असेल.

कातला त्याच सकाळी विमानतळावर माणूस पाठवायला निघाले. वेंडेल पहाटेच्या विमानाने गेला होता.

मार्सियालचा शिक्का एका वर्षासाठी काढून घेतला. त्या वर्षी तो माझ्या खिडकीत बसला, बिल्ले लावायला. घरी सोलांजने सगळं ऐकून घेतलं, एप्रन काढला आणि म्हणाली, "त्या बाईला मी बाजारात पाठ दाखवली, मार्सियाल. तुझ्यासाठी." पुढचे पंधरा दिवस ती बहिणीकडे जाऊन राहिली. परत आली, पण गुरुवारी कासुले करणं तिने सोडलं ते सोडलंच.

आम्ही सगळ्यांनी मिळून वेंडेलला पत्र लिहिलं. रामिरोने मजकूर सांगितला, ऐंशी सह्या झाल्या. दीड महिन्याने उत्तर आलं, कातलांच्या नावाने. त्यांनी ते फळ्यावर लावलं. लिहिलं होतं, पत्र वाचून मर्ना रडली आणि बरं वाटलं. पण चूक आपलीही आहे. सापडलेली वस्तू यादीत लिहिणं हे आपलं काम होतं. मैत्रीखातर लिहिलं नाही. शेकडो माणसांचा जीव आपल्या दयाळूपणावर टांगून ठेवायचा अधिकार आपल्याला नव्हता. परत आल्यावर आपण हे स्वतःच आपल्या कंपनीला कळवलं. कंपनीने तपासनीसाच्या कामावरून काढून आपल्याला कागदपत्रांच्या खोलीत बसवलंय, आणि ते योग्यच आहे.

मार्सियालने ते पत्र दिवसातून तीनदा वाचलं. तोवर त्याला वाटत होतं, लाज जेवढी होती तेवढी भोगून झाली. आता कळलं, आपल्या वाट्याची लाज दुसऱ्याने कामाच्या किमतीवर उचलली आहे. घरी बसून त्याने वेंडेलला चार पत्रं लिहिली. एकही टाकलं नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "सुरुवातच विनोदाने होते गं. मला दुसरं लिहिताच येत नाही."

शिक्का परत मिळाल्यावर त्याने कातलांकडे एक काम मागून घेतलं. दरवर्षी नवी भरती व्हायची, तीसेक माणसं. पहिल्या दिवशी त्यांना सुट्या वस्तूंचे नियम समजावून सांगायचे. मार्सियालने ते आपल्याकडे घेतलं. नियम तो पाच मिनिटांत संपवायचा आणि मग स्वतःची गोष्ट सांगायचा, नाव-गावासकट. त्याच्या सांगण्याची लकबच अशी, की सुरुवातीला पोरं हसायची. तो हसू द्यायचा. शनिवारपर्यंत आला की आवाज आपोआप खाली जायचा, आणि कान लाल व्हायचे. अकरा वर्षं, अकरा वेळा मी ते ऐकलं. कान दरवेळी तेवढेच लाल झाले. दोनदा त्याने मला विचारलं होतं, "तुझं नाव घेऊ का?" मी दोन्ही वेळा म्हटलं, "नको."

निवृत्तीच्या वर्षी, शेवटच्या तुकडीसमोर त्याने गोष्ट संपवली आणि कागद गोळा करू लागला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. रिव्हेटच्या कामाला लागलेली, केस आखूड कापलेली, बोलायला धीट.

"मस्यू देलपेश, तुम्ही पुढे त्यांना भेटलात का? त्या अमेरिकन माणसाला?"

"नाही."

"पण आपल्याला वर्षातून एकदा विमानाचं तिकीट स्वस्तात मिळतं ना?"

"मिळतं."

"मग गेला का नाहीत?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खोलीतली सगळी त्याच्याकडे बघत होती. मार्सियालने कागद खाली ठेवले, पुन्हा उचलले.

"आर्लेत," शेवटी तो मागे वळून मला म्हणाला, "यांना हत्यारं दे. उशीर होतोय."